मोटर टाकली की मीटर मुका: एका सिरीयल पोर्टवर बोलणारे तिघं

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एका गावची नळपाणी योजना आहे. नदीत जॅकवेल, काठावर उंचावर पंपघर, पंपघरात मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर आणि पॅनेलच्या शेजारी भिंतीवर आमचा डबा. डबा म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा सेल्युलर टर्मिनल, आत एक बोर्ड, बोर्डावर ४जी मोडेम जो आतल्या आत यूएसबीनं जोडलेला आहे, वर अँटेना, आणि बाहेरच्या जगासाठी एकच सिरीयल पोर्ट, तोही आरएस-४८५, म्हणजे ए आणि बी अशा दोन वायरींवर चालणारा. त्या पोर्टवर पॅनेलमधला एनर्जी मीटर मॉडबस आरटीयूनं बोलतो (अशा मीटरांची विचारा-उत्तर द्या पद्धतीची भाषा), ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, स्लेव्ह म्हणजे फक्त विचारलं तर बोलणारा, पत्ता १. आमचा प्रोग्राम दर सेकंदाला मीटर वाचतो, मिनिटाला एकदा सर्व्हरला पाठवतो, आणि एखादा फेज गेला किंवा मोटर कोरडी चालली तर पंप ऑपरेटरला आणि पंचायतीत मेसेज जातो. एवढंच काम, पण गावाचं पाणी त्यावर आहे.

पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं. मग ऑपरेटर मामांचा फोन आला, "साहेब, मोटर टाकली की तुमचं मशीन मुकं हुतंय बघा. अर्ध्या मिनिटानं परत बोलाय लागतंय."

सर्व्हरवर बघितलं तर मामा म्हणतात ते खरंच होतं. मोटर सुरू झाली की बरोबर त्याच क्षणी ३० सेकंदांचं भगदाड. दर वेळी नाही, दहातल्या सात-आठ वेळा. ते ३० सेकंद कुठून आले ते लगेच कळलं, कारण ते आम्हीच लिहिलेले होते: एकदा वाचन फसलं की प्रोग्राम पोर्ट बंद करायचा आणि ३० सेकंदांनी परत उघडायचा. पण वाचन मुळात का फसतंय, आणि मोटर सुरू होतानाच का, हे काही कळेना. आणि नेमका तोच क्षण आम्हाला सगळ्यात जास्त हवा होता, कारण सुरुवातीचा करंट किती उडतो आणि कुठला फेज खाली बसतो यावरूनच मोटर जळणार का टिकणार ते कळतं.

आता मोटर सुरू होताना कम्युनिकेशन बिघडतंय म्हटल्यावर कुणालाही विचारा, उत्तर एकच, नॉइज, म्हणजे वायरीत बाहेरून घुसणारा विजेचा गोंगाट. आम्हीपण तेच म्हणालो. शिल्डेड ट्विस्टेड पेअर केबल टाकली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, केबल पॉवरच्या वायरपासून लांब दुसऱ्या पाईपमधून नेली, फेराइट घातले, शेवटी मीटरच बदलला. चार चकरा झाल्या. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस बरं वाटायचं (दहातल्या दोन-तीन वेळा ते आपोआपच नीट चालत होतं ना) आणि मग मामांचा फोन. या सगळ्यात आणखी एक तक्रार होती जी आम्ही वेगळी समजून बाजूला ठेवली होती, ती म्हणजे लाईट जाऊन आली की कधीकधी डबा सुरूच व्हायचा नाही, मामा स्विच बंद-चालू करायचे तेव्हा उठायचा. ती पुढे येईलच.

पाचव्या चकरेला ठरवलं की आता काही बदलायचं नाही, फक्त ऐकायचं. लॅपटॉपला यूएसबीचा ४८५ कन्व्हर्टर लावला, त्याच्या दोन वायरी मीटरच्या ए आणि बी वर समांतर जोडल्या आणि ९६०० ला नुसतं येईल ते टिपत बसलो. पडद्यावर दर सेकंदाला आमची आठ बाइटची विचारणा, मग मीटरचं पंचवीस बाइटचं उत्तर, विचारणा, उत्तर, अगदी घड्याळासारखं. मामांना म्हटलं, टाका मोटर. स्टार्टर ओढला, मोटरीनं हुंकार दिला, आणि पडद्यावर हेक्स (सोळाच्या पायावरच्या) आकड्यांचा लोंढा आला. ५बी ३९ ३३ ३१ ३२ ३७ २ई आणि पुढे असंच, ओळीच्या ओळी. मी आधी म्हणालो, बघा, हाच नॉइज. पण नॉइज असा नसतो. नॉइजमध्ये शून्यं, एफएफ, मोडकी बाइट असतात. इथं प्रत्येक बाइट २० ते ७ई च्या मधलं होतं, म्हणजे छापता येणारी अक्षरं, आणि अधूनमधून ०डी ०ए, म्हणजे ओळ संपली.

टूल हेक्समधून टेक्स्टवर टाकलं आणि समोर चक्क लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची ओळ. चौकोनी कंस, त्यात ९३१२७ सेकंद, आणि पुढे यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ४. ९३१२७ सेकंद म्हणजे २५ तास ५२ मिनिटं, आणि आदल्या दिवशी डबा चालू केल्यापासून बरोबर तेवढाच वेळ झाला होता. त्याच्याखाली मोडेमच्या चार टीटीवाययूएसबी पोर्टांसाठी एकेक करून, जीएसएम मोडेम कन्व्हर्टर (कर्नल मोडेमच्या पोर्टाला हेच नाव देतो) डिस्कनेक्ट झाला, हा डिस्कनेक्ट झाला, तो डिस्कनेक्ट झाला. आणि काही सेकंदांनी तीच सगळी वरात उलटी, नवीन डिव्हाइस सापडला, कन्व्हर्टर जोडला गेला.

म्हणजे मोटर टाकली की आतला मोडेम पडत होता (का, ते शेवटी सांगतो) आणि मीटरच्या वायरीवर आमचा स्वतःचा डबाच त्याचे डीबग मेसेज ओरडत होता. चार चकरा ज्याला आम्ही बाहेरून येणारा त्रास समजलो तो आमच्याच पोर्टमधून बाहेर जात होता.

हिशोब मांडला तेव्हा सगळं जागेवर बसलं. ९६०० बॉडला एक अक्षर म्हणजे दहा बिट, साधारण एक मिलिसेकंद. कन्व्हर्टर डिस्कनेक्ट झाल्याची एकटी ओळ टाइमस्टँपसकट ९० च्या आसपास अक्षरांची, अशा चार, त्यांच्यासोबत चार छोट्या ओळी आणि वरखाली एकदोन, मिळून सातशेच्या घरात अक्षरं, म्हणजे पाऊण सेकंदाला थोडं कमी. आम्ही मीटरला दर सेकंदाला विचारतो. मग पाऊण सेकंदाच्या गोंगाटात विचारणा सापडण्याची शक्यता किती, दहातल्या सात-आठ वेळा! ज्या अनियमितपणानं आम्हाला इतके दिवस फिरवलं तो अनियमितपणा नव्हताच, साधं अंकगणित होतं.

आणि मीटर गप्प का बसायचा तेही मॉडबसच्या नियमातच आहे. आरटीयूमध्ये फ्रेम कुठं संपली हे शांततेवरून ओळखतात, किमान साडेतीन अक्षरांएवढी शांतता, ९६०० ला साधारण चार मिलिसेकंद. आमच्या आठ बाइटच्या मागेपुढे कर्नलचा मजकूर चिकटला की मीटरला ती सगळी एकच लांबलचक फ्रेम वाटते, तिचा सीआरसी (फ्रेमच्या शेवटी असलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही, आणि सीआरसी न जुळलेल्या फ्रेमला स्लेव्हनं उत्तर द्यायचंच नसतं. मीटर नियमानं वागत होता आणि आम्ही त्याला बदलून आलो होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता मूळ मुद्दा, आणि यासाठीच हे एवढं लिहायला घेतलं. आमच्या टीममध्ये प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की त्या पोर्टवरचं कन्सोल (डब्याशी थेट बोलायची, त्याचे मेसेज बघायची जागा) बंद केलंय. बंद केलं होतं ते लॉगिन. टेबलावर पहिल्यांदा मीटर जोडला तेव्हा वाचन धड येत नव्हतं, कारण गेटी नावाचा लॉगिन विचारणारा प्रोग्राम त्याच पोर्टवर बसला होता आणि मीटरच्या उत्तरातली अर्धी बाइट तो स्वतःच वाचून टाकायचा. इनिटटॅब नावाच्या फाईलमधली (सुरुवातीला काय चालू करायचं त्याची यादी) ती ओळ काढली, वाचन सुरळीत झालं, आणि सगळे समजले की कन्सोल गेलं. पण एका सिरीयल पोर्टवर तीन वेगवेगळे बोलणारे असतात आणि एकाला गप्प केलं म्हणून बाकीचे गप्प होत नाहीत. सगळ्यात आधी बोलतो बूटलोडर, म्हणजे पॉवर आल्यावर लिनक्सला उठवणारा प्रोग्राम, आमच्याकडे यू-बूट. मग कर्नल, जो प्रिंटके या आपल्या मेसेज छापणाऱ्या फंक्शनमधून थेट यूआर्टवर (सिरीयल पोर्ट चालवणारं हार्डवेअर) लिहितो आणि तो पोर्ट दुसऱ्या कुणी उघडलाय का याची त्याला काही पडलेली नसते. आणि शेवटी लॉगिन. आम्ही शेवटच्याला हाकललं आणि पहिले दोघं तसेच राहिले.

एक शंका मलाही होती. कर्नलचं कन्सोल बूटच्या ओळीत ११५२०० ला बांधलेलं होतं, मग मजकूर ९६०० ला इतका स्वच्छ कसा दिसला? तर कर्नल लिहिताना यूआर्टचा त्या क्षणीचा वेगच वापरतो. आमच्या प्रोग्रामनं पोर्ट उघडून ९६०० केला, हार्डवेअर ९६०० झालं, आणि पुढचे कर्नलचे मेसेजही ९६०० नंच निघाले. शिवाय आमच्या डब्यात ४८५ ची दिशा हार्डवेअर आपोआप बदलतं, म्हणजे यूआर्टवर जे काही आलं ते ढकल वायरीवर. दिशेचं नियंत्रण प्रोग्रामच्या हातात असतं तर कदाचित हा मजकूर आतच राहिला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

पंपघरातच पहिला उपाय केला. प्रॉकमधल्या प्रिंटके फाईलमध्ये चार आकडे असतात, आमच्याकडे ७ ४ १ ७ होते. पहिला आकडा कन्सोलची पातळी, आणि त्याच्यापेक्षा लहान पातळीचे मेसेज कन्सोलवर जातात, म्हणजे ७ असेल तर ० ते ६ सगळं. यूएसबी तुटल्याचा मेसेज ६ पातळीचा, साधी माहिती. डीमेसग -एन १ दिलं, पातळी १ झाली. मामांनी दहा वेळा मोटर टाकली, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबत, कारण लागोपाठ स्टार्ट दिले तर मोटर तापते आणि तिची काळजी मामांना आमच्या डब्यापेक्षा जास्त. दहापैकी दहा वेळा वाचन अखंड. मामा म्हणाले, "आता बोलतंय. पण वायरी बदलल्या त्या कशापायी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण पातळी कमी करणं म्हणजे आउटपुट दुसरीकडं वळवणं नव्हे, आणि हा फरक मी मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण इथंच थांबतात. एक तर ही कमांड लागू होईपर्यंत कर्नलचं बूटचं सगळं पुराण वायरीवर जाऊन बसलेलं असतं. आणि दुसरं, कर्नल पॅनिक झाला, म्हणजे सावरता न येणारी चूक होऊन कोसळला, तर तो पातळी स्वतःच वर उचलतो आणि सगळं ओकतो. म्हणजे नेमक्या वाईट वेळी दार परत उघडं.

यू-बूटचं तर आणखी वेगळंच. ती बाजूला ठेवलेली तक्रार आठवते ना, लाईट जाऊन आली की डबा उठत नाही? ऑफिसला आल्यावर तशाच लायनीवर लॅपटॉप ठेवून पन्नासेक वेळा पॉवर बंद-चालू केली. यू-बूट सुरू झाला की दोन सेकंद वाट बघतो, तेवढ्यात कुठलंही अक्षर आलं तर त्याला वाटतं माणसानं की दाबली, मग तो बूट थांबवून आपला प्रॉम्प्ट देऊन बसतो, कायमचा. आणि आमच्या ४८५ लायनीला बायस रेझिस्टर (लायन रिकामी असताना तिला ठरलेल्या पातळीवर धरून ठेवणारे) नव्हते. कुणीच बोलत नसेल तेव्हा ए आणि बी हवेत तरंगत असतात, आणि अशी लायन रिसीव्हरला खोटी अक्षरं देऊ शकते. त्यातलं एक जरी त्या दोन सेकंदात पडलं की गावाचा डबा यू-बूटच्या प्रॉम्प्टवर अडकला. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं, डीबगसाठी ठेवलेला पोर्ट आणि मीटरचा पोर्ट एकच.

याच रांगेतली आणखी एक गोष्ट, आमच्याकडे घडलेली नाही पण घडू शकली असती. कर्नलमध्ये मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) सिरीयलवर चालू असेल तर कन्सोलच्या पोर्टवर ब्रेक सिग्नल आणि त्यानंतर पाच सेकंदात एक अक्षर आलं की कर्नल ते हुकूम म्हणून पाळतो, बी आलं तर तडक रीबूट. ४८५ ची लायन एका अक्षरापेक्षा जास्त वेळ खाली ओढली गेली की तो ब्रेकच दिसतो. कन्सोल शेताच्या वायरीवर सोडणं म्हणजे घराची किल्ली बांधावर ठेवण्यासारखं आहे.

मग खरं वळवणं. बोर्डावर दुसरा यूआर्ट होता, झाकण उघडलं की आत तीन पिनांचा हेडर, ३.३ व्होल्टचा. ठरवलं की सगळं बोलणं तिकडं. यू-बूटच्या बूटआर्ग्समधली (तो कर्नलला देतो त्या सूचना) कन्सोलची ओळ आधी मी सरळ काढून टाकली, म्हटलं नंतर नवीन घालू. डबा बूट केला तर कर्नल परत त्याच मीटरच्या पोर्टवर बोलतोय! कारण कन्सोलची ओळ दिलीच नाही तर कर्नल डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय काय आहे त्याची यादी) बघतो, तिथं चोझन नोडमध्ये स्टडआउट-पाथ लिहिलेला असतो, आणि बोर्ड बनवणाऱ्यानं तो पहिल्याच यूआर्टला दिलेला होता, जे सगळेच करतात. म्हणून नुसतं काढून चालत नाही, दुसरीकडचा पत्ता द्यावा लागतो. कन्सोल म्हणून टीटीवायएस१ (म्हणजे तो दुसरा यूआर्ट), ११५२०० असं लिहिलं आणि डिव्हाइस ट्रीतला पाथही बदलला. दोन कन्सोल दिले तर मेसेज दोन्हीकडं जातात आणि शेवटचा मुख्य कन्सोल (/dev/console) ठरतो, म्हणून जुनं नाव चुकूनही राहणार नाही हे बघितलं. ज्यांच्या बोर्डावर दुसरा यूआर्टच नाही त्यांना नव्या कर्नलमध्ये टीटीवायनल नावाचं रिकामं कन्सोल मिळतं, काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

यू-बूटसाठी दोन गोष्टी: बूटडिले -२ केला, म्हणजे थांबायचं नाही आणि कीसुद्धा बघायची नाही (-१ केला तर उलटंच होतं, तो आपणहून बूटच करत नाही, यात गल्लत करू नका), आणि नवीन बिल्डमध्ये त्याचंही आउटपुट दुसऱ्या यूआर्टवर. बायस रेझिस्टर लावले ते वेगळं.

आता प्रश्न असा की आत तीन पिनांवर गेलेलं बोलणं ऐकणार कोण? साईट आमच्या ऑफिसपासून दोन तासांवर. मेसेज वायरीवर नकोत, पण आम्हाला हवे तर आहेतच, कारण ते मेसेज नसते तर मोडेम पडतोय हे आम्हाला कळलंच नसतं. साहजिक पहिली कल्पना रिमोट सिसलॉगची, म्हणजे मेसेजची नोंद नेटवरून सर्व्हरला पाठवायची, बिझीबॉक्सच्या (छोट्या लिनक्सवरचा टूलसंच) सिसलॉगडीला -आर देऊन सर्व्हरचा पत्ता दिला, यूडीपी ५१४, एका दिवसात झालं. टेबलावर मोडेमची पॉवर तोडून बघितली आणि सर्व्हरवर त्या क्षणाची एक ओळ नाही. अर्थातच नाही! मोडेम पडल्याचा निरोप मोडेमवरूनच जाणार होता, ज्या वाटेनं निरोप जायचा तीच वाट बंद, आणि यूडीपी काही जपून ठेवत नाही, हरवलं ते हरवलं. सेल्युलर टर्मिनलवर रिमोट लॉग लावणाऱ्या प्रत्येकानं ही एक चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं, ज्या ओळी सगळ्यात महत्त्वाच्या त्याच हरवतात.

म्हणून लॉग आधी रॅममध्ये, टीएमपीएफएसवर (रॅममधली फाईल ठेवायची जागा) फाईल, २०० केबी झाली की फिरवायची, तीन जुन्या ठेवायच्या. फ्लॅशवर सतत लिहायचं नाही, वर्षानुवर्षं चालायचा डबा आहे, फ्लॅश झिजते. मोडेम परत जोडला गेला की एक छोटी स्क्रिप्ट शेवटच्या न गेलेल्या ओळी टीसीपीनं सर्व्हरला देते आणि पोच आली तरच पुढं सरकते. आणि कर्नलच मेला तर? त्यासाठी रॅमऊप्स चालू केलं, रॅमचा एक कोपरा राखीव, त्यात कन्सोलचा मजकूर पडत राहतो आणि वॉचडॉगनं (डबा अडकला की आपोआप रीबूट करणारा टायमर) रीबूट केला तरी पीस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये मागच्या जन्माच्या ओळी मिळतात. लाईटच गेली तर जातं ते, ते मान्य केलं.

मोडेम मुळात का पडत होता ते थोडक्यात: गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी, त्यात मोटर सुरू होताना आणखी आपटी, आमचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (डब्याचा पॉवर सप्लाय) तेवढा वेळ तग धरत नव्हता, आणि मोडेमला प्रक्षेपणाच्या वेळी झटक्यानं मोठा करंट लागतो, २जी वर असला तर दोन अँपिअरपर्यंत. बोर्ड सावरायचा, मोडेम बसायचा. मधे बॅटरी आणि चार्जर टाकला, पडणं थांबलं.

हेच आधी केलं असतं तर तक्रार बंद झाली असती आणि आतला गोंगाट तसाच राहिला असता, कारण त्याच इमेजचे, म्हणजे तेच सॉफ्टवेअर भरलेले, आणखी अकरा डबे आम्ही वेगवेगळ्या गावांत लावले होते. तिथलं व्होल्टेज बरं होतं, मोडेम पडत नव्हता, म्हणून कर्नलला बोलायला निमित्त मिळत नव्हतं, पण बूटच्या वेळी तेही मीटरच्या वायरीवर बोलतच होते. बूटआर्ग्स लांबून बदलायचं धाडस केलं नाही, एक अक्षर चुकलं तर डबा उठणारच नाही, म्हणून अकरा गावं हिंडलो. आता टेबलावरून डबा हलायच्या आधी ४८५ वर लॅपटॉप लावतो, पॉवर देतो, पूर्ण बूट होऊ देतो, मग मोडेमची पॉवर तीन वेळा तोडतो. आठ बाइट आणि पंचवीस बाइट सोडून वायरीवर एकही बाइट दिसलं तर तो डबा पॅक होत नाही.